संवादसाधने व शालेय शिक्षण

वाणीने स्पष्ट बोलता न येणारे विद्यार्थी आपले म्हणणे इतरांपर्यंत पोहोचविण्यासाठी जी चित्रे, चिन्हे, अक्षरफलक वा बोलणारी यंत्रे वापरतात, त्यांना संवादसाधने म्हणतात. सेरेब्रल पाल्सी म्हणजे मेंदूचा पक्षाघात, स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, स्नायूंचे काही आजार आणि डोक्यास झालेली गंभीर इजा ही वाचेच्या अशा अक्षमतेची प्रमुख कारणे होत. कर्णबधिरांच्या खुणांची भाषा ही स्वतंत्र व्याकरण असलेली पूर्ण भाषा असल्याने, आणि श्रवणयंत्र हे ऐकण्याचे साधन असल्याने, या दोहोंचा समावेश येथे केलेला नाही. संवादसाधनांचे स्थूलमानाने दोन वर्ग पडतात : कागद, पुठ्ठा वा लाकूड यांवर केलेले साधे फलक आणि विजेवर चालणारी यंत्रे. जे विद्यार्थी बोट, मूठ, पाय, डोक्याला बांधलेली काडी वा नुसती नजर यांच्या साहाय्याने साधनावरील अक्षर किंवा चिन्ह दाखवितात, त्यांपैकी अनेकांची समज त्यांच्या वयाच्या इतर मुलांइतकीच असते. ज्याला बोलता येत नाही त्याला शिकविता येत नाही, या समजुतीला छेद देण्याचे काम या साधनांनी गेल्या सुमारे पन्नास-साठ वर्षांत केले. तथापि साधन मुलाच्या हाती देणे आणि त्या मुलाला वर्गात बोलू देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या इतिहासातून वारंवार दिसून येते.

पूर्वेतिहास : बोलणे आणि बुद्धी यांची सांगड फार जुनी आहे. जुन्या व्यवहारात मुका, वेडा व जड हे शब्द जवळजवळ बसत, आणि न बोलणाऱ्या मुलाची गणना शिक्षणयोग्य मुलांत सहसा होत नसे. मुंबईत १८८५ मध्ये कर्णबधिर मुलांची शाळा निघाली, ती या समजुतीला बसलेला पहिला धक्का म्हणता येईल. पण ज्यांना ऐकू येते परंतु बोलता येत नाही आणि हातही चालत नाहीत, अशा मुलांसाठी ती नव्हती. करवीर संस्थानात छत्रपती शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले. देशी संस्थानांच्या इतिहासात हे पाऊल मोठेच होय. परंतु सक्तीच्या शिक्षणाच्या त्या काळच्या बहुतेक कायद्यांत आजार वा शारीरिक दुर्बलता हे गैरहजेरीचे योग्य कारण मानले जाई. त्यामुळे ज्या मुलाला शाळेची गरज सर्वांत अधिक, त्याच्यावरच सक्ती नव्हती आणि पर्यायाने शाळेवरही त्याची जबाबदारी येत नव्हती.

पाश्चात्त्य देशांतही स्थिती फार वेगळी नव्हती. आयरिश लेखक क्रिस्टी ब्राउन (१९३२—८१) यांना केवळ डाव्या पायाची हालचाल नीट करता येई. पायाच्या बोटांत खडू धरून ते आईकडून अक्षरे शिकले. शाळेने त्यांना शिकविले नाही. १९५४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या आत्मचरित्राने वाचक थक्क झाले, पण शाळांची दारे त्याने लगेच उघडली नाहीत. १९६० च्या सुमारास इंग्लंडमधील स्टोक मँडव्हिल रुग्णालयात रेज मेलिंग यांनी ‘पॉसम’ हे यंत्र तयार केले. नळीतून श्वास ओढून वा फुंकून दिवे, घंटा व पुढे टंकलेखन यंत्रही त्याच्या योगे चालविता येई. पॉसम या शब्दाचा लॅटिनमधील अर्थ ‘मी करू शकतो’ असा होतो. हे नाव देणाऱ्याला विनोदबुद्धी होती आणि रुग्णाच्या मनाची जाणही होती, असे म्हणावे लागेल.

ब्लिस चिन्हे : शालेय शिक्षणाच्या दृष्टीने निर्णायक ठरलेली घटना १९७१ मध्ये कॅनडातील टोरांटो येथे घडली. अपंग मुलांच्या एका केंद्रात शर्ली मॅकनॉटन व त्यांचे सहकारी वाचा नसलेल्या लहान मुलांसाठी साधन शोधत होते. ही मुले अजून वाचू शकत नसल्याने अक्षरफलक निरुपयोगी होता; चित्रफलक होता, पण त्यावर ‘भात’, ‘पाणी’, ‘शौचालय’ यांपलीकडे काही सांगता येत नसे. ‘उद्या’, ‘का’, ‘मला वाटते’ यांचे चित्र कसे काढणार? या शोधात त्यांच्या हाती चार्ल्स ब्लिस (१८९७—१९८५) यांचा ग्रंथ आला.

ब्लिस यांची कथा विलक्षण आहे. त्या वेळी ऑस्ट्रिया-हंगेरीत असलेल्या चेर्नोविट्झ या बहुभाषी गावी त्यांचा जन्म झाला. ते रासायनिक अभियंता होते. ज्यू असल्यामुळे १९३८ मध्ये त्यांना नाझींच्या छळछावण्यांत डांबण्यात आले. तेथून सुटल्यावर ते शांघायला पोहोचले. परस्परांची बोली न समजणारे चिनी लोक एकच लिपी वाचतात, हे तेथे पाहून सर्व मानवजातीला वाचता येईल अशी चिन्हलिपी निर्माण करण्याचा ध्यास त्यांनी घेतला. ऑस्ट्रेलियात स्थायिक झाल्यानंतर १९४९ मध्ये त्यांनी आपली पद्धती ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. विद्यापीठांनी व मुत्सद्द्यांनी तिची दखल घेतली नाही. बावीस वर्षांनंतर ती वापरणारे पहिले लोक निघाले ते टोरांटोची न बोलणारी मुले. थोड्याशा मूळ आकारांच्या संयोगातून नवे शब्द बनविता येत असल्याने मुले प्रश्न विचारू लागली, तक्रार करू लागली आणि थट्टाही करू लागली. यांतील अनेकांना त्याआधी मंदबुद्धी समजले जात होते.

ब्लिस यांना प्रथम अत्यानंद झाला. पुढे मात्र शिक्षिका आपल्या चिन्हांत फेरफार करतात आणि त्यांचा उपयोग मुलांना इंग्रजी शिकविण्याच्या पायरीसारखा करतात, हे पाहून ते संतापले. वाद न्यायालयीन मार्गाने गेला व १९८२ मध्ये तडजोड झाली. या वादात शिक्षिकांची बाजू अधिक योग्य होती, असे आता मागे वळून पाहता म्हणता येते. ब्लिस यांना जागतिक लिपी हवी होती. मुलांना मात्र आपल्या घरची व आपल्या वर्गाची भाषा हवी होती. भारतातील अनुभवानेही पुढे हीच गोष्ट सिद्ध केली.

यानंतरची प्रगती जलद झाली. वाचा गमावलेले इंग्रज अभियंता टोबी चर्चिल यांनी १९७० नंतरच्या दशकात ‘लाइटरायटर’ हे हातात मावणारे टंकयंत्र बनविले. पुढील आवृत्त्यांत टंकलेला मजकूर आवाजात ऐकू येऊ लागला. १९८३ मध्ये पर्यायी व पूरक संवादाची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली. भौतिकीविज्ञ स्टीव्हन हॉकिंग यांची वाचा १९८५ मधील श्वासनलिकेच्या शस्त्रक्रियेनंतर गेली व ते संगणकाच्या आवाजात बोलू लागले, तेव्हा या साधनांची सर्वसामान्य लोकांना ओळख झाली. हॉकिंग यांचे उदाहरण शिक्षक नेहमी देतात. पण ते काहीसे फसवे आहे. त्यांची भाषा, व्याकरण व विद्या आधी पूर्ण झाली होती आणि साधन नंतर आले. शाळेतील मुलाला या दोन्ही गोष्टी एकाच वेळी कमवाव्या लागतात.

भारत व महाराष्ट्र : या क्षेत्रातील भारताचा आरंभ मुंबईत झाला. मालिनी चिब (जन्म १९६६) यांना जन्मतः सेरेब्रल पाल्सी होती. त्यांना इंग्लंडमध्ये योग्य शिक्षण मिळाले. मायदेशी परतल्यावर तशी शाळा सापडेना. तेव्हा त्यांच्या मातोश्री मिठू अलूर यांनी १९७२ मध्ये स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था स्थापन केली. अभिनेत्री नर्गिस दत्त या संस्थेच्या पहिल्या आश्रयदात्या होत. कुलाबा येथील तिची शाळा अवघ्या तीन मुलांनिशी सुरू झाली. उपचार व शालेय अभ्यासक्रम एकाच छपराखाली देणे हे तिचे वैशिष्ट्य होते. १९७४ मध्ये कलकत्त्यात सुधा कौल यांच्या पुढाकाराने याच धर्तीवर संस्था निघाली. आज ती इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सेरेब्रल पाल्सी या नावाने ओळखली जाते, आणि संवादफलक भारतीय भाषांत आणण्याच्या कामात तिचा वाटा मोठा आहे. मुंबईच्या संस्थेचे नाव पुढे ‘अडाप्ट’ असे झाले.

मालिनी चिब मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातून पदवीधर झाल्या आणि त्यांनी लंडनमध्ये दोन पदव्युत्तर पदव्या मिळविल्या. हाताच्या एका करंगळीने टंकन करून त्यांनी लिहिलेले आत्मकथन २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांच्या वाटचालीत यंत्राइतकेच महत्त्व आसपासच्या माणसांना आहे. त्यांचे बोलणे लक्ष देऊन ऐकणारे वर्गमित्र आणि उत्तरासाठी थांबणारे प्राध्यापक जेथे मिळाले तेथे त्या सहभागी झाल्या. जेथे लोक त्यांना सोडून त्यांच्या सोबतच्या व्यक्तीशी बोलू लागले तेथे त्या वगळल्या गेल्या.

शासकीय पातळीवर कोठारी आयोगाने (१९६४—६६) अपंग मुलांना शक्य तेथे सामान्य शाळांत शिकवावे, अशी शिफारस केली होती. केंद्र शासनाची एकात्म शिक्षणाची योजना १९७४ मध्ये आली; तिचा लाभ प्रामुख्याने सौम्य व मध्यम अपंगत्व असलेल्या मुलांना झाला. साधने पुरविण्याची केंद्रीय योजना १९८१ पासून चालू आहे, परंतु तिच्यातून बहुतांशी तीनचाकी गाड्या, कुबड्या, श्रवणयंत्रे यांचे वाटप होत आले. चाक व कुबडी डोळ्यांना दिसते. न बोलता येण्याची अडचण शिबिरातील रांगेत दिसत नाही, हे त्याचे एक कारण असावे.

कोल्हापुरात अपंगांच्या चळवळीला नसीमा हुरजूक यांनी १९८४ मध्ये स्थापन केलेल्या हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड या संस्थेमुळे बळ मिळाले. तिच्या उचगाव येथील वसतिगृहामुळे खेड्यापाड्यांतील अनेक मुले शहरात राहून शिकू शकली. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी चेतना अपंगमती विकास संस्था काम करते. या कामांनी अपंग मूल शाळेत येऊ शकते ही गोष्ट शहराच्या अंगवळणी पडली. मात्र शाळेत पोहोचलेले न बोलणारे मूल वर्गात काय व कोणत्या भाषेत बोलणार, हा पुढचा प्रश्न असून तो केवळ कोल्हापूरचा नाही.

मराठीचे प्रश्न : संवादसाधनांची रचना मुख्यत्वे इंग्रजीसाठी झाली. ‘मी’, ‘घर’, ‘जा’ ही तीन चिन्हे दाबल्यावर इंग्रजीत जे वाक्य तयार होते ते अपुरे असले, तरी ओळखू येते. मराठीत मात्र घरी, घरात, घराला, घरून असे नामाचे रूप बदलते आणि क्रियापद लिंग, वचन व काळ यांनुसार फिरते. यंत्रातून ‘मी घर जा’ असा आवाज आला की वर्ग हसतो आणि शिक्षक त्याला भाषेचे अज्ञान मानतात. वस्तुतः ती साधनाची मर्यादा असते. अशा वेळी शिक्षकाने वाक्य चुकीचे न ठरविता ‘हो, तू घरी जाणार आहेस’ असे पूर्ण रूप सहजपणे उच्चारावे आणि शक्य तर फलकावर ते दाखवावे. आई लहान मुलाशी हेच करीत असते.

आदरार्थाचा प्रश्न याहून नाजूक आहे. फलकावर ‘मला पाणी दे’ असे एकच बटण असेल, तर मूल तेच बटण भावाला, मित्राला आणि मुख्याध्यापकांनाही दाबून ऐकविते. बाईंना ‘दे’ म्हणणारे मूल उद्धट ठरते. म्हणून मराठी फलकावर ‘दे’ व ‘द्या’, ‘ये’ व ‘या’, ‘तू’ व ‘तुम्ही’ या जोड्या आरंभापासून असाव्या लागतात. इंग्रजी फलकांचे भाषांतर करणाऱ्यांच्या हे सहसा लक्षात येत नाही.

प्रमाणभाषा व बोली यांतील अंतर हा तिसरा प्रश्न होय. कोल्हापूरच्या बोलीत स्त्रिया व मुलीही ‘मी आलो’, ‘मी जातो’ असे म्हणतात, हे सर्वश्रुत आहे. पुस्तकी मराठीतील यंत्र मात्र मुलीच्या तोंडी ‘मी आले’ घालते. राजारामपुरीतील एखाद्या शाळेत पाचवीची मुलगी असे यंत्र वापरू लागली, तर बाई शुद्ध म्हणून त्याचे कौतुक करतील. पण मैत्रिणींना ती परक्या गावची वाटेल आणि तिच्या आईला तो आपल्या लेकीचा आवाज वाटणार नाही. शाळेत प्रमाणभाषा शिकवावी हे खरेच. परंतु इतर मुले मधल्या सुटीत आपल्या बोलीत बोलत असताना एकाच मुलावर अखंड प्रमाणभाषेची सक्ती असू नये. ज्या यंत्रांत आवाज मुद्रित करून ठेवता येतो, त्यांत त्याच वयाच्या वर्गमैत्रिणीच्या आवाजात शब्द भरून घेणे हा यावरील सोपा उपाय होय. कृत्रिम आवाज बहुधा प्रौढ व्यक्तीचा असतो आणि एकाच वर्गात दोन मुले असे यंत्र वापरीत असतील, तर दोघांचा आवाज एकच होऊन बसतो.

स्थानिक शब्दसंग्रहाचे महत्त्वही याच उदाहरणावरून स्पष्ट होईल. राजारामपुरी ही आखणी करून वसविलेली वस्ती असून तेथील गल्ल्या क्रमांकाने ओळखल्या जातात. ‘तू कोठे राहतोस’ याचे तेथील मुलाचे उत्तर ‘सातवी गल्ली’ किंवा ‘अकरावी गल्ली’ असे असते. त्यामुळे क्रमवाचक संख्या या तेथे केवळ गणिताच्या पाठातील शब्द नसून घराचा पत्ता आहेत. त्याच्या फलकावर जनता बाजार, माउली चौक, रंकाळा, जोतिबा, मिसळ, भाकरी, तालीम, फुटबॉल आणि गणपतीतील देखावे हे शब्द हवेत. परदेशी चिन्हसंचांत ‘जेवण’ म्हणजे काटा-चमचा आणि ‘आंघोळ’ म्हणजे पाण्याचे लांबट टब असे चित्र असते. बादली व तांब्या पाहिलेल्या मुलाला ते कळावे कसे? याहूनही अधिक उपेक्षित राहतात ते नकाराचे व खोडीचे शब्द. मोठ्या माणसांनी तयार केलेल्या फलकांवर ‘कृपया’ व ‘धन्यवाद’ ठळकपणे असतात. ‘नको’, ‘थांब’, ‘तुमचं चुकलं’, ‘गप की’, ‘लई भारी’ हे शोधूनही सापडत नाहीत. नकार देता न येणाऱ्या मुलाला संमतीही देता येत नाही. त्याच्या सुरक्षिततेच्या दृष्टीनेही हा प्रश्न गंभीर आहे.

लिपीची अडचण गणिताने दाखविता येते. ज्या मुलाला एकच बटण दाबता येते, त्याच्या यंत्रावर प्रकाश एकेका घरावरून सरकत जातो आणि हवे ते घर आल्यावर ते बटण दाबते. स्वर, व्यंजने, मात्रा, अनुस्वार व हलन्तचिन्ह धरून देवनागरीसाठी सुमारे साठ घरे लागतात. प्रकाश दर सेकंदाला एक घर पुढे जात असेल, तर एका चिन्हासाठी सरासरी तीस सेकंद जातात. ‘कोल्हापूर’ या शब्दात अशी नऊ चिन्हे आहेत. म्हणजे आपल्या गावाचे नाव लिहावयास सुमारे साडेचार मिनिटे झाली. सहा ओळी व दहा स्तंभ करून आधी ओळ व मग घर निवडण्याची सोय केली, तर हाच वेळ दीड मिनिटाच्या आत येतो. नेहमी लागणारा शब्द एकाच चिन्हात साठविला तर तो काही सेकंदांवर येतो. रचनेतील एवढ्याशा फरकावर मूल तासाला उत्तर देऊ शकेल की नाही हे ठरते. ऱ्हस्व इकाराची मात्रा व्यंजनाआधी लिहितात आणि व्यंजनानंतर उच्चारतात. ती कोणत्या क्रमाने दाबावयाची, हेही मुलाला वेगळे शिकवावे लागते.

गेल्या काही वर्षांत भारतीय भाषांतील यंत्रांची उणीव काहीशी भरून निघत आहे. चेन्नई येथे अजित नारायणन यांनी विकसित केलेले ‘आवाज’ आणि आयआयटी मुंबईच्या अभिकल्प विभागात तयार झालेले ‘जेलो’ ही त्यांतील उल्लेखनीय उदाहरणे होत. जेलो मराठीतही उपलब्ध आहे. टॅब्लेट वा भ्रमणध्वनीवर चालत असल्याने यांचा खर्च पूर्वीच्या परदेशी यंत्रांच्या मानाने पुष्कळच कमी आहे. तथापि भारनियमन, फुटलेला पडदा, आणि भावंडांनी खेळासाठी पळविलेला टॅब्लेट या अडचणी राहतातच. म्हणून छापील फलक प्रत्येक मुलाजवळ असावा, हा तज्ज्ञांचा जुना सल्ला आजही ग्राह्य आहे.

वर्गातील व्यवहार : सर्वसाधारण माणूस मिनिटाला दीडशेच्या आसपास शब्द बोलतो, साधन वापरणाऱ्याची गती बहुधा पंधरा शब्दांच्या आत असते. पस्तीस मिनिटांच्या तासिकेत शिक्षक प्रश्न विचारून दोन-तीन सेकंदांत पुढच्या मुलाकडे वळत असेल, तर साधन वापरणाऱ्या मुलाला उत्तर येत असूनही देता येत नाही. यावर अनुभवी शिक्षक दोन मार्ग वापरतात. एक म्हणजे उद्या विचारावयाचा प्रश्न आजच सांगून ठेवणे, म्हणजे मूल घरी उत्तर तयार करून यंत्रात साठविते. दुसरा म्हणजे प्रश्न विचारून इतर मुलांना वहीत काही लिहावयास सांगणे आणि तेवढ्यात या मुलाचे उत्तर पूर्ण होऊ देणे. दोन्हींत पैसा लागत नाही. थांबण्याची सवय मात्र लागते, आणि मोठ्या वर्गात ती सोपी नाही, हेही मान्य केले पाहिजे.

प्रश्नांचे स्वरूपही महत्त्वाचे आहे. न बोलणाऱ्या मुलाला ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढेच उत्तर येईल असे प्रश्न विचारण्याकडे कल असतो. त्याने काम लवकर होते, पण मूल कायम परीक्षार्थीच राहते. स्वतःहून विषय काढण्याची, गोष्ट सांगण्याची संधी त्याला मिळत नाही. शिक्षकाने स्वतः बोलताना मुलाच्याच फलकावर अथवा भिंतीवरील त्याच्या मोठ्या प्रतीवर बोट ठेवीत बोलावे, हा उपाय आता सर्वत्र मान्य झाला आहे. बोलणारे मूल दुसऱ्यांचे बोलणे वर्षभर ऐकते आणि मग पहिला शब्द उच्चारते. चिन्हांची भाषा शिकणाऱ्या मुलाला मात्र ती भाषा बोलणारे कोणीच भेटत नाही. पहिल्या आठवड्यात त्याने सफाईदारपणे यंत्र वापरावे, ही अपेक्षा म्हणूनच अवास्तव होय.

हजेरीची गोष्ट क्षुल्लक वाटेल. एका बटणाच्या स्वस्त यंत्रात ‘हजर, बाई’ एवढेच मुद्रित करून ठेवले आणि नाव पुकारताच मुलाने ते दाबले, की सगळ्या वर्गाला रोज एकदा त्याचा आवाज ऐकू येतो. पुष्कळ शाळांत मूल समोर दिसते म्हणून शिक्षक त्याचे नाव न पुकारताच हजेरी मांडतात.

शब्द कोणाचे : मुलाच्या शेजारी बसणारी मदतनीस व्यक्ती उपयुक्त असते, परंतु तिच्यामुळे एक धोकाही संभवतो. १९७० नंतरच्या दशकात ऑस्ट्रेलियात आणि १९९० नंतर अमेरिकेत, मुलाचा हात धरून त्याच्याकडून अक्षरे दाखवून घेण्याची पद्धती गाजली. गंभीर अक्षमता असलेली मुले अचानक परिपूर्ण वाक्ये लिहू लागली, असे दावे होऊ लागले. नियंत्रित चाचण्यांत मुलाला एक चित्र व साहाय्यकाला दुसरे चित्र दाखविले असता, उतरलेला शब्द बहुशः साहाय्यकाच्या चित्राचा निघाला. साहाय्यकांनी फसवणूक केली असे नव्हे; हात धरणाऱ्याचे मन नकळत त्या हातातून लिहीत होते. अमेरिकेतील वाचा व श्रवण तज्ज्ञांच्या संघटनेने १९९४ मध्ये या पद्धतीविषयी इशारा दिला व २०१८ मध्ये ती वापरू नये असे स्पष्टपणे सांगितले. या प्रकरणाचा उलट परिणाम असा झाला, की प्रामाणिकपणे स्वतःच्या बोटाने वा नजरेने लिहिणाऱ्या मुलांकडेही काही काळ संशयाने पाहिले गेले. म्हणून मुलाचा हात न धरता, खुर्ची, मेज, बटणाची जागा, डोक्याचा आधार यांत बदल करून त्याला स्वतंत्रपणे दाखविता येईल अशी सोय करणे, हाच वर्गातील साहाय्याचा पाया ठरतो. यासाठी अस्थिव्यंग-उपचारतज्ज्ञ, वाचा-उपचारतज्ज्ञ व शिक्षक यांनी एकत्र बसणे आवश्यक असते. जिल्ह्याच्या ठिकाणीही असा योग फार क्वचित जुळतो.

कायदा व परीक्षा : संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या अपंग हक्क करारात संवादाच्या व्याख्येतच पर्यायी व पूरक साधनांचा उल्लेख आहे; भारताने तो २००७ मध्ये मान्य केला. शिक्षणाचा हक्क देणारा कायदा २००९ मध्ये संमत झाला व २०१० पासून अंमलात आला. २०१२ च्या दुरुस्तीने बहुविकलांग व तीव्र अपंगत्व असलेल्या मुलांना घरी राहून शिकण्याचा पर्याय दिला. हा पर्याय मुलाच्या हिताचा असला, तरी न बोलणाऱ्या मुलाच्या वतीने तो इतरच निवडून टाकतात, ही भीती निराधार नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याच्या सतराव्या कलमात वाचेला पूरक अशा संवादपद्धतींना शाळांतून उत्तेजन देणे हे शासनाचे कर्तव्य मानले आहे. महाराष्ट्रात फिरते विशेष शिक्षक सामान्य शाळांना भेटी देतात. एका शिक्षकाकडे अनेक शाळा असल्याने एखाद्या मुलाच्या वाट्याला आठवड्यातील थोडाच वेळ येतो.

परीक्षांत लेखनिक व वाढीव वेळ यांची तरतूद आहे. केंद्र शासनाच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार दर तासाला किमान वीस मिनिटे अधिक द्यावयाची असतात. हाताने लिहिता न येणाऱ्या पण बोलता येणाऱ्या विद्यार्थ्याला हे उपयोगी पडते. त्याने सांगावे व लेखनिकाने लिहावे. साधन वापरणाऱ्याची गती मात्र इतरांच्या दशांश असते आणि त्याला तीन तासांच्या उत्तरपत्रिकेसाठी एक तास अधिक मिळतो. त्याच्यासाठी प्रश्नांची संख्या कमी करून त्याच कसोटीची परीक्षा घेता येते काय, हा विचार मंडळांनी गंभीरपणे करण्याजोगा आहे. भाषाविषयांच्या तोंडी परीक्षेतही असाच प्रश्न उद्भवतो. भाषणकौशल्य तपासताना यंत्रातून आलेले, मुलाने स्वतः रचलेले वाक्य भाषण मानावयाचे की नाही, याचा निर्णय पुष्कळदा परीक्षकाच्या मर्जीवर राहतो. ते भाषणच होय, असा स्पष्ट नियम असेल तर शिक्षक वर्षभर त्याची तयारी करून घेतील.

एक व्यावहारिक बाब येथे नमूद करणे आवश्यक आहे. शाळेला मिळालेले यंत्र शाळेच्या जडसंग्रह नोंदवहीत चढते आणि हरवू नये म्हणून संध्याकाळी कपाटात बंद होते. मे महिन्याच्या सुटीत ते तेथेच राहते. ज्या मुलाने वर्षभरात दोनशे शब्द जमविले त्याला दीड-दोन महिने त्यांशिवाय काढावे लागतात, आणि इयत्ता वा शाळा बदलताच नव्या यंत्रात पुन्हा आरंभापासून सुरुवात होते. चष्मा किंवा कुबडी कोणी असे कपाटात ठेवीत नाही. यंत्र शाळेच्या नावावर असले तरी ते मुलाबरोबर घरी जावे आणि त्यात साठविलेला शब्दसंग्रह दाखल्याबरोबर पुढील शाळेकडे सुपूर्द व्हावा, एवढी व्यवस्था मुख्याध्यापकांच्या एका लेखी आदेशाने होऊ शकते.